साखर केसरी

“बेचाळीस!”

रणनवरे साहेब माईकमध्ये ओरडले आणि अख्ख्या हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टीही मारली. व्यासपीठावर खुर्चीत बसलेल्या माझ्या नवऱ्याने टोचलेलं बोट तसंच वर धरलं होतं. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि तो हसत होता.

“मंडळाच्या इतिहासात एवढी खाली साखर आजवर कुणाची गेलेली न्हाई,” साहेब म्हणाले. “हिंदुराव चौगुले! नाद करायचा न्हाई!”

शेजारी बसलेल्या रणनवरे वहिनींनी माझा हात दाबला. “शालनताई, नशीब काढलंसा. आमच्यांची मेली दीडशेच्या खाली येतच न्हाई.”

मी आपली पदर सारखा करून मान हलवली. नवऱ्याचं जाहीर कौतुक ऐकायची सवय नव्हती, त्यामुळे कसं बसावं तेच कळेना.

आता हे सगळं काय चाललं होतं ते सांगायला हवं. आमचं आयुष्य गेलं कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत. आमचे हे तिथे पॅनमन होते. उसाचा रस आटून दाट झाला की मोठ्या पॅनमध्ये त्याला दाणा धरवायचा, ते यांचं काम. अंगठा आणि बोटाच्या मधे पाक धरून तार बघायची आणि वाफ सोडायची की थांबवायची ते ठरवायचं. यांच्या हातची साखर देशभर गेली. माणसं निवृत्त झाली आणि मग ती साखर एकेकाच्या रक्तात निघायला लागली. आधी यांच्या, मग उसाच्या वजनकाट्यावरच्या मगदूम भावजींच्या, मग भांडारातल्या दोघांच्या, आणि शेवटी रणनवरे साहेबांच्या.

साहेबांना झाली आणि कॉलनीची शांतता संपली. साहेब कारखान्याचे सुरक्षा अधिकारी. उभा जन्म गेटवर गेला. शिफ्ट सुटली की कामगारांचे डबे उघडून, खिसे चाचपून कोण साखर बाहेर नेतंय ते पकडायचं. तीच साखर आपल्याच अंगात घुसली आणि आपल्याला पत्ता लागला नाही, हा त्यांना स्वतःचा अपमान वाटला. त्यांनी ‘मधुमेह मुक्ती मंडळ’ काढलं. दर सोमवारी सकाळी कारखान्याच्या सांस्कृतिक हॉलमध्ये सगळ्यांनी जमायचं, साहेबांनी मशीनवर एकेकाचं बोट टोचायचं आणि आकडा फळ्यावर लिहायचा. ज्याचा आकडा सगळ्यांत लहान त्याचं नाव वर. ज्याचा मोठा त्याने सगळ्यांच्या बायकांसमोर उभं राहून आठवडाभर काय खाल्लं ते सांगायचं. खाली गेला तो जिंकला, असा नियम. किती खाली जायचं ते मात्र कुणी ठरवलंच नव्हतं.

घराघरातली साखर हद्दपार झाली. कारखान्याच्या सभासदांना दिवाळीला सवलतीची साखर मिळते, ती मंडळाने ठराव करून पाव्हण्यांना वाटायला लावली. हॉलच्या गणपतीसमोर मोदकाऐवजी काकडीच्या चकत्या ठेवल्या. देवाचं पोट मोठं, तो काही बोलला नाही. चहा बिनसाखरेचा आणि पाहुण्यांना पेय म्हणून कारल्याचा रस. आमच्या कॉलनीत त्या काळात जावई यायचे बंद झाले होते.

तालुक्याला शिरोळकर डॉक्टरीणबाई होत्या. वयाने लहान, पण बोलणं स्पष्ट. त्यांनी एकदा मंडळाला सुचवलं, “हा बोटाचा आकडा त्या घटकेचा असतो. तीन महिन्यांची सरासरी कळते अशी रक्ताची तपासणी असते, ती सगळ्यांची करून घेऊ.” मंडळाची तातडीची सभा झाली आणि ठराव पास झाला की तीन महिन्यांचं जुनं उकरून काढणं हे सभासदांच्या आपसांतल्या सलोख्याला बाधक आहे. एकमताने पास झाला. एवढं एकमत कारखान्याच्या निवडणुकीतही कधी झालं नव्हतं.

का झालं ते मला थोडंफार ठाऊक होतं. शुक्रवारपासून यांचं जेवण कमी व्हायचं, रविवारी हे फक्त ताक प्यायचे आणि सोमवारी आकडा कसा गुणी बाळासारखा यायचा. सोमवारी दुपारी मात्र “जरा स्टँडवर जाऊन येतो” म्हणून जायचे, ते येताना रुमालाला जिलबीचा वास घेऊन यायचे. मी विचारलं की म्हणायचे, “मगदूम भेटला होता. त्याच्या हाताला वास होता.”

शिरोळकर बाईंनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं. “काकू, जास्त साखर माणसाला हळूहळू पोखरते. कमी झाली तर मात्र त्याच दिवशी उचलून नेते. दरदरून घाम सुटला, हात थरथरले, माणूस भलतंच बोलायला लागला, तर आधी साखर द्यायची आणि मग मला फोन करायचा. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तोवरच तोंडाने द्यायची.”

मी हसले होते. “आमच्याकडं कमी कुठली व्हायला, बाई?”

तर त्या दिवशी मंडळाचा वर्धापनदिन होता. वर्षभराच्या विजेत्यांची अंतिम फेरी, आणि जिंकणाऱ्याला ‘साखर केसरी’ किताब, कोल्हापुरी फेटा आणि गदा. चांदीचा मुलामा दिलेली, खरीखुरी, हातभर उंचीची गदा. आमच्याकडे गदा म्हटलं की म्हातारा माणूसही उठून बसतो. हे तरुणपणी जत्रेतल्या कुस्त्या खेळलेले. नारळ पुष्कळ मिळाले, पण गदेला हात कधी लागला नाही. मागच्या वर्षी ती मगदूम भावजींनी मारली आणि टीव्हीशेजारी अशी ठेवली की बातम्या बघायला गेलेल्या माणसाला आधी गदा बघावी लागे. तेव्हापासून हे दोघे बोलायचे, पण एकमेकांकडे बघून नाही.

सकाळी मी भाकरी वाढली तर हे म्हणाले, “नको. भूक न्हाई.”

“कालपासनं ताकावर आहात. दोन घास खा की.”

“आज मैदान हाय, शालन. पोट भरून कुणी आखाड्यात उतरतंय व्हय?”

गोळी घेतली, आरशात बघून मिशी सारखी केली आणि हॉलपर्यंत चालत निघाले. नुसते चालत नाही, उसाच्या गाड्या उभ्या राहतात त्या मोकळ्या मैदानाला वेढे घालत. बंद हंगाम असल्यामुळे मैदान रिकामं होतं. मी हॉलच्या पायरीवर उभी राहून बघत होते. पासष्टीचा माणूस एखाद्या पोरासारखा फेऱ्या मारत होता.

मगदूम भावजींचा आकडा आला एक्याण्णव. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि जिंकल्यासारखे जाऊन बसले. मग यांचा आला बेचाळीस. त्या टाळ्या तुम्हाला सांगितल्याच.

साहेबांनी यांच्या डोक्याला फेटा बांधला. गदा हातात दिली. ती थरथरत होती. “भरून आलंय त्यांना,” साहेब माईकमध्ये म्हणाले. “दोन शब्द बोला, हिंदुराव.”

हे उठले. एका हाताने टेबल धरलं.

“बंधू आणि भगिनींनो,” हे म्हणाले. मग थांबले. “वाफ कमी करा. कोण हाय रे तिकडं? वाफ कमी कर म्हणतोय न्हवं... दाणा सुटतोय...”

हॉलमध्ये हशा पिकला. जुना पॅनमन गंमत करतोय, असं सगळ्यांना वाटलं. मगदूम भावजी तेवढे हसले नाहीत, पण ते हरले होते.

यांनी लोकांमधून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. “आक्का,” हे म्हणाले, “चल की घरला. मला बरं वाटत न्हाई.”

आक्का म्हणजे यांची थोरली बहीण. तिला जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

मी उठले आणि रांगेतल्या बायकांच्या गुडघ्यांवरून तशीच पुढे गेले. व्यासपीठावर पोचेपर्यंत हे खुर्चीत कोसळले होते आणि गदा टेबलाखाली घरंगळत होती. यांचा हात धरला तर गार, नुकताच पाण्यातून काढल्यासारखा ओला. मला बघून हे पुन्हा “आक्का” म्हणाले.

“शुगर वाढली वाटतं!” पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

“रस आणा, रस!” साहेबांनी हुकूम सोडला. कारल्याच्या रसाचा पेला तत्परतेने आला आणि साहेब तो यांच्या तोंडाला लावायला लागले. मी पेल्याला अशी चापट मारली की तो हिरवा रस साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर गेला.

“वैनी!”

“आत्ताच बेचाळीस म्हणून वरडलासा न्हवं? मग वाढंल कशी? ती कमी झालीया! साखर आणा कुणीतरी! साखर!”

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. त्या हॉलमध्ये तो शब्द इतक्या मोठ्याने कुणी उच्चारला नव्हता. जणू मी सगळ्यांच्या देखत शिवी हासडली होती.

“साखर?” साहेब म्हणाले. “वैनी, ह्या हॉलमध्ये साखर कुठली असणार?”

“पेढे आहेत न्हवं सत्काराचे?”

“बिनसाखरेचे आहेत. खास सांगून करून घेतलेत.”

“चहाला?”

“चहा बी तसलाच.”

भिंतीपलीकडे कारखान्याची गोदामं होती. पोत्यावर पोती, छतापर्यंत. वारा सुटला की त्या बाजूने गोड वास यायचा. मी भिंतीकडे बोट केलं. “तिथनं आणा. कुलूप तोडा.”

“ते जमायचं न्हाई,” साहेब म्हणाले, आणि मला वाटतं तेही आता घाबरले होते, पण उभ्या जन्माची सवय. “माल बँकेकडं तारण हाय. दाराला बँकेचं सील हाय. सीलला हात लावला तर जबाबदार कोण?”

“माझा नवरा मेला तर जबाबदार कोण?”

भांडारातले एकजण मोटारसायकल घेऊन गावात पळाले. पण गाव ओढ्यापलीकडे, आणि गेटवरची चहाची टपरी बंद हंगामामुळे बंदच होती. कुणीतरी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्याच पाहुण्या म्हणून यायच्या होत्या आणि वाटेत होत्या. कॉलनीतल्या घरांत जाऊन उपयोग नव्हता, सगळ्यांनी साखरेचे डबे रिकामे करून मंडळाला दाखवले होते.

मी यांच्या खिशात हात घातला. आजवर हा खिसा मी शंभर वेळा तपासला असेन, आणि दर वेळी काहीतरी सापडलं होतं. कधी लिमलेटची गोळी, कधी बर्फीचा तुकडा, कधी जिलबीचा चिकट कागद. दर वेळी मी घर डोक्यावर घेतलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या खिशात चोरीचा माल सापडावा म्हणून मी देवाचा धावा केला. दोन्ही खिसे उलटे केले. रुमाल आणि घराची किल्ली. गदेच्या नादात माणूस नेमका त्याच दिवशी प्रामाणिक निघाला होता.

यांचे डोळे मिटायला लागले होते. मी गालावर थापट्या मारल्या. “अहो, बघा माझ्याकडं. झोपायचं न्हाई.”

“व्हय,” हे म्हणाले, आणि पुन्हा मिटले.

मी माईक हातात घेतला. तोवर मी माईकमध्ये कधी बोलले नव्हते.

“ज्याच्या कुणाच्या खिशात काही गोड असंल त्यानं आणून द्या,” मी म्हणाले. “मी नाव घेणार न्हाई. शपथेवर सांगतो.” आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात.

कुणी हललं नाही. प्रत्येक पुरुष आपल्या बायकोकडे बघत होता आणि प्रत्येक बायको आपल्या नवऱ्याकडे.

“वैनी, तुमची अवस्था समजतोय मी,” साहेब म्हणाले. “पण आमच्या मंडळात असला माणूस मिळायचा न्हाई. मी हमी देतो.”

त्यांच्या हमीने माझा जीव जायची वेळ आली. मी खाली बघितलं. सगळ्या ओळखीच्या बायका. त्यांच्यातल्या निम्म्यांची बाळंतपणं मी काढलेली, पापडाला हात लावलेले. आणि त्यांचे नवरे त्यांना इतके घाबरतात की समोर माणूस जातोय तरी खिशात हात जाईना. मला काय सुचलं देव जाणे.

“बायकांनो,” मी ओरडले, “डोळे मिटा!”

“आं?”

“डोळे मिटा म्हणतो न्हवं! समद्यांनी! माझं कुंकू जाईल, आणि तुमी बघत बसणार? मिटा डोळे!”

सगळ्यांनी डोळे मिटले. मगदूम वहिनींनी तर हातानेच झाकून घेतले. रणनवरे वहिनींनी पदर तोंडावर ओढला.

क्षणभर काहीच नाही. मग कुठूनतरी कागद वाजला. मग दुसरीकडून. मग हॉलभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुड्या, वेष्टनं, पिशव्या वाजायला लागल्या. शाळेत मधली सुट्टी झाल्यावर डबे उघडतात तसा आवाज झाला.

सगळ्यांत आधी व्यासपीठावर कोण चढलं ते मी इतकी वर्षं सांगितलं नाही. आता सांगते, कारण ज्या वहिनींपासून लपवायचं त्यांनीच मला पुढे सांगितलं, “शालनताई, मी डोळे मिटले होते, कान न्हवते. यांच्या पायताणाची करकर मला झोपेत बी कळती.” ते मगदूम भावजी होते. नुसते गप्प बसले असते तरी गदा पुन्हा त्यांच्या टीव्हीशेजारी गेली असती. त्यांनी कोपरीच्या आतल्या खिशातून एक पुडी काढली. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली, स्वच्छ पांढरी साखर. बिनसाखरेचा चहा त्यांच्या घशाखाली उतरत नसे, म्हणून पुडी बाळगायचे.

“पाण्यात ढवळून द्या,” ते पुटपुटले. “चिमूटभर न्हवं, सगळी.”

मी पाण्याच्या पेल्यात सगळी ओतली आणि बोटानेच ढवळली. यांची मान हाताने धरली. “प्या. हळू. गिळा.” पहिला घोट ओठांवरून सांडला. दुसरा गेला. भावजी दुसऱ्या बाजूने यांचा खांदा धरून उभे होते आणि रागाने म्हणत होते, “हिंद्या, गीळ की रं. गीळ म्हणतोय न्हवं.”

तोवर बाकीचे एकेक करून येत होते. डोकं खाली घालून यायचे, टेबलावर ठेवायचे आणि परत जायचे. पेढे, गुळाचा खडा, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, लिमलेटच्या गोळ्यांची माळच्या माळ, कुणाची तरी काकवीची बाटली. बाटली! ती अंगावर कुठे लपवली होती ते मला आजही कळलेलं नाही. आणि मग मी बघितलं तर डोळे मिटलेल्या बायकांमधून दोघीतिघी हाताने चाचपडत पुढे येत होत्या. त्यांच्याही कमरेच्या पिशवीत काहीबाही होतं. शेवटी सगळ्यांत हळू, कारल्याच्या डागाचा शर्ट सावरत, साहेब आले. त्यांनी टेबलावर एक खडीसाखरेची डबी ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही असं केलं. डबीवर सुरक्षा विभागाचा जुना शिक्का होता. म्हणजे साहेब गेटवर असल्यापासून हा चोरटा माल बाळगत होते बघा.

यांच्या गालाला हळूहळू रंग आला. घाम थांबला. डोळे उघडले, इकडे तिकडे फिरले आणि माझ्यावर थांबले.

“शालन,” हे म्हणाले.

आक्का गेली आणि मी परत आले.

“कितवा आलो?” यांनी विचारलं.

तेव्हा मी रडत रडत या माणसाला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माईक चालू होता, एवढंच सांगते.

त्या गोंधळात शिरोळकर बाई आल्या. दारातच थांबल्या. सगळ्या बायका डोळे मिटून बसलेल्या, पुरुष खाली मान घालून, आणि व्यासपीठावरच्या टेबलावर मिठाईचं दुकान मांडलेलं. “हा नक्की कसला कार्यक्रम आहे?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी यांचं बोट टोचलं. आकडा वर चढत होता. भावजींच्या पुडीनेच काम झालं, असं त्या म्हणाल्या. पेढ्याला वेळ लागतो, तूप असतं त्यात. मग मला भाकरी किंवा पोहे काहीतरी खायला घालायला सांगितलं, परत परत तपासायला सांगितलं, आणि यांच्याकडे वळल्या. “काका, सकाळी गोळी किती घेतली?”

यांनी फेटा सारखा केला.

“किती?”

“एक सकाळची,” हे म्हणाले. “आणि रात्रीची बी घेतली बरोबरच. म्हटलं, मगदूमच्या खाली जाऊया.”

“उपाशीपोटी. वर पळालात.”

“चाललो. पळालो न्हाई.”

बाईंनी खुर्ची ओढली आणि यांच्यासमोर बसल्या. “तुम्ही पॅनमन होता ना? मला सांगा, पाक पातळ राहिला तर?”

“दाणाच धरत न्हाई.”

“आणि जास्त ओढला तर?”

“मग पॅन बसतो. सगळा माल दगडासारखा होतो.” हे म्हणाले. “फोडून काढायला लागतो.”

“मग तुम्ही काय करायचा?”

“मधी धरायचा. तिथंच ठेवायचा. बोटानं बघत ऱ्हायचं.”

“मग एवढं सगळं येत होतं तर स्वतःच्या रक्ताचा पॅन कसा काय बसवायला निघाला होता?”

यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

रणनवरे साहेबांनी घसा खाकरला. “डॉक्टर, एक शंका. नियमाप्रमाणे आकडा सगळ्यांत कमी हाय. मग किताब...”

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की साहेबांनी माईक बंद केला. गदा कुणीच घेतली नाही. ती हॉलच्या कोपऱ्यात उभी राहिली आणि पुढे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावली जाऊ लागली.

मंडळ मात्र मोडलं नाही. आमच्याकडे मंडळं मोडत नाहीत, ठराव बदलतात. फळ्यावरचे आकडे पुसले, तीन महिन्यांची तपासणी सगळ्यांची झाली आणि सगळे नापास झाले, त्यामुळे खरोखरचा सलोखा वाढला. गोळ्या बदलल्या, जेवणाच्या वेळा ठरल्या, भाकरी आली, उपास गेले. आणि बाईंनी नवा नियम घालून दिला, की ज्यांना गोळी किंवा इंजेक्शन आहे त्या प्रत्येकाच्या खिशात साखरेची पुडी हवीच. खायला नाही, वेळेला.

पुढच्याच सोमवारी सकाळी मी माझ्या हाताने पुडी बांधून यांच्या खिशात ठेवली. ठेवताना हात अडखळला. इतकी वर्षं ज्या खिशातून काढत आले त्याच खिशात ठेवत होते. हेही लग्नात उभे होते तसे अवघडून उभे राहिले.

हॉलच्या दारात रणनवरे साहेब उभे होते. नव्या नियमाची अंमलबजावणी त्यांच्याकडेच आली होती. गेटवर जन्मभर साखर घेऊन जाणाऱ्याला अडवलं, आता साखर न घेता येणाऱ्याला ते परत पाठवत होते. झडती तशीच, दोन्ही हातांनी, वरपासून खालपर्यंत. “पुडी दाखवा. पुडी न्हाई? मागं फिरा.”

यांची पाळी आली. साहेबांनी खिसा चाचपला, थांबले, पुन्हा चाचपला आणि दोन पुड्या बाहेर काढल्या. माझ्याकडे बघितलं. मी एकच दिली होती.

“हिंदुराव,” साहेब आवाज चढवून म्हणाले, “ही दुसरी कुणाची?”

माझा पारा चढायला लागला होता. हे माझ्याकडे न बघता मागे बघत होते. रांगेत शेवटी मगदूम भावजी ओठ पुसत उभे होते.

“मगदूमची,” हे म्हणाले. “त्याची वाटेतच संपती.”